तहान वजा जाता

कोकण रेल्वेच्या वीर स्टेशनात उतरून महाडकडे निघालेला प्रवासी दासगाव कधी मागे टाकतो, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. रोहा ते वीर हा लोहमार्ग १९९३ साली सुरू झाला. त्याच्या सहासष्ट वर्षे आधी या मुलखाचे दार म्हणजे दासगावचे बंदर होते आणि मुंबईचा माणूस महाडला यायचा तो पाण्यावरून. २४ डिसेंबर १९२७ रोजी ‘पद्मावती’ बोटीने निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे प्रतिनिधी दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावला उतरले, तिथून सुमारे पाच मैल पायी चालत महाडच्या मंडपात पोचले, आणि त्याच दिवशी बाबासाहेबांनी अध्यक्षपदावरून एक भाषण केले. चवदार तळ्याचा इतिहास आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो. हे भाषण मात्र आपण क्वचितच सावकाश, वाक्यावाक्यापाशी थांबत वाचतो. वाचले तरी चळवळीचा दस्तऐवज म्हणून वाचतो. आज ते तत्त्वज्ञानाची संहिता म्हणून वाचून पाहू. माणूस असणे म्हणजे काय, हा तत्त्वमीमांसेचा प्रश्न आणि माणसाने माणसाशी कसे वागावे, हा नीतीचा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये एकमेकांना बिलगून पुन्हा उभे राहिले. लेव्हिनास, रान्सिएर, बादियू या नावांभोवती आज जी चर्चा चालते ती बहुतांशी या बिलगण्याचीच आहे. त्या चर्चेतले काही सूर महाडच्या मंडपात कितीतरी आधी लागून गेले होते, आणि माझ्या कानाला तरी ते तिथेच अधिक स्वच्छ लागलेले वाटतात.

भाषणाच्या पहिल्या भागातच एक विचार येतो, आणि साऱ्या भाषणाचा प्राण मला त्याच्यात दिसतो. त्याचा आशय असा: या तळ्याचे पाणी आजवर मिळाले नाही म्हणून आपण मेलो नाही, आणि उद्या ते प्यायलो म्हणून आपण अमर होणार नाही, तळ्यावर जायचे ते इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला. आपण या विचाराची बांधणी पाहू. यात दोन नकार समोरासमोर ठेवले आहेत, एक मृत्यूचा आणि एक अमरत्वाचा, आणि त्या दोहोंच्या मधल्या जागेत पाणी अगदी एकटे पडते. देहाशी असलेले त्याचे सारे नाते सुटते. ज्या पाण्यासाठी हजारो माणसे घाटमाथ्यावरून, खाडीकाठांवरून चालत आली, त्या पाण्याची गरजच वक्ता पहिल्या काही मिनिटांत हिशेबातून वजा करून टाकतो. सभेत उभे राहून, आपल्याच मागणीचा सर्वांत सहज पटणारा आधार असा आपल्याच हाताने काढून घेणारा वक्ता विरळा.

आणि तो आधार खोटा नव्हता, हे आपण विसरता कामा नये. तहान खरी होती. नऊ महिन्यांपूर्वी, १९ आणि २० मार्च १९२७ रोजी, याच गावात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली तेव्हा जमलेल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले होते. मार्च म्हणजे चैत्राचे तोंड. पावसाळ्यात सावित्रीला पूर आणणारा हा मुलूख होळी उलटली की घशाला कोरड आणतो. भरल्या तळ्याच्या गावात पाणी मोजून, पैसे देऊन प्यावे लागणे, एवढे एकच दृश्य वर्णन केले असते तरी सभेच्या डोळ्यांत पाणी आले असते. बाबासाहेबांनी डिसेंबरच्या या विचारात ते दृश्य बाजूला ठेवले. का ठेवले असेल?

आपल्या संस्कृतीत तहानेला उत्तर तयार आहे, म्हणून. उन्हाळा लागला की वाटेवर पाणपोई घालायची, तहानलेल्याच्या ओंजळीत वरून धार धरायची, आणि त्याचे पुण्य पदरात बांधायचे. त्या धारेत करुणा असते, आणि तिच्याबरोबर एक उंचीही असते. देणारा हात वर राहतो, घेणारी ओंजळ खाली. तहानेच्या नावाने मागितलेले पाणी दान म्हणून मिळाले असते, कदाचित वेगळ्या घाटावर, वेगळ्या वेळी, अंतर राखून मिळाले असते, आणि मागणी पुरी झाली असे म्हणून गाव मोकळे झाले असते. बाबासाहेबांनी तहान वजा केली आणि दानाची ही वाट बंद झाली. आता उरले ते एकच, माणूसपण. ते कोणी कोणाच्या ओंजळीत वरून ओतू शकत नाही.

इथे आपल्याला इमॅन्युएल लेव्हिनास आठवल्यावाचून राहत नाहीत. लिथुएनियात १९०६ साली जन्मलेल्या आणि फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या या ज्यू तत्त्वज्ञाने ‘समग्रता आणि अनंत’ या १९६१च्या ग्रंथात पाश्चात्त्य विचाराची पायरीच उलटी केली. आधी ‘असणे’ आणि मग ‘वागणे’ असा क्रम त्यांना मान्य नव्हता. परक्याचा चेहरा समोर येतो, तो मला हाक देतो, आणि त्या हाकेला ओ देण्यातच माझे ‘मी’पण घडते, म्हणून नीती हेच आद्य तत्त्वज्ञान. पुढच्या लेखनात ते आपल्याच तोंडचा घास काढून दुसऱ्याला देण्यापर्यंत जातात. हा विचार उदात्त आहे, आणि नाझी छळछावण्यांच्या राखेतून तो उगवला आहे हे लक्षात घेतले की त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. पण तळ्याच्या पायऱ्यांवर उभे राहून वाचताना तो मला थोडा अडतो. लेव्हिनास यांच्या चित्रात कर्ता तो, ज्याच्याकडे घास आहे. भुकेला माणूस आपल्या चेहऱ्याने आज्ञा देतो खरा, पण तो चित्राच्या पलीकडच्या अंगाला उभा असतो. महाडमध्ये पलीकडच्या अंगाचाच माणूस चालत आला, पायऱ्या उतरला आणि बोलू लागला. शिवाय चेहरा दिसत नव्हता अशी महाडची अडचण कधीच नव्हती. चेहरा दिसत होता, ओळखू येत होता, त्याची सावलीसुद्धा मोजली जात होती.

अॅलन बादियू यांचा स्वर या जागी अधिक जवळचा वाटतो. त्यांनी १९९३ साली नीतीवर एक छोटे, काहीसे भांडखोर पुस्तक लिहिले. माणसाची व्याख्या ‘पीडित’ अशी करणारी नीती त्यांना माणसाचा अपमान करणारी वाटते. ज्याला दुखते, ज्याला भूक लागते, जो मरतो तो प्राणी. माणूस मात्र एखाद्या सत्याला धरून राहिला की त्या प्राण्याच्या मर्यादेबाहेर जातो, आणि या अर्थाने बादियू त्याला सरळ ‘अमर’ म्हणतात. आता भाषणातला तो दुसरा नकार पुन्हा आठवून पाहा. पाण्याने अमरत्व येत नाही, असे बाबासाहेब म्हणाले ते अमृताच्या पुराणकथेला दिलेला एक मिस्कील चिमटा म्हणून; आणि पीडिताची भूमिका त्यांनी त्याच दमात झटकून टाकली. दिल्लीतले एक अभ्यासक सौम्यब्रत चौधुरी यांनी बादियूंच्या प्रकाशात आंबेडकर वाचणारे इंग्रजी पुस्तक २०१८ साली प्रसिद्ध केले, त्याच्या शीर्षकात त्यांनी आंबेडकरांना ‘इतर अमरां’च्या पंगतीत बसवले आहे. मला तो खेळ आवडतो. पण पंगत कोणाच्या घरची, हा प्रश्न मनात राहतोच, आणि त्याकडे आपल्याला पुढे यावे लागेल.

आता दुसरा तपशील. स्पृश्य आपल्याला तळ्यावर का येऊ देत नाहीत, याची चिकित्सा भाषण करते, आणि तिथे वक्त्याच्या तर्काला विनोदाची कोवळी धार येते. गुरे या तळ्यावर पाणी पितात, पाखरे पितात, अन्य धर्मांची माणसे पितात. मग अस्पृश्याच्या स्पर्शाने पाणी नासेल, किंवा त्याची वाफ होऊन ते उडून जाईल, अशी काही भीती अडवणाऱ्यांना आहे का? ती मुळीच नाही, असे भाषणाचे उत्तर आहे. शास्त्राने ज्यांना खालचे ठरवले ते प्रत्यक्षात आपल्या बरोबरीचे आहेत, ही कबुली एकदा पाणी पिऊ दिले की दिल्यासारखी होईल. ती द्यायची नाही, म्हणून बंदी. या उत्तराची खोली सावकाश उमगते. विटाळ हा पाण्याचा गुणधर्म नाही हे सांगणे एक झाले. ते या मातीत आधीही सांगितले गेले होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी ‘विटाळ विध्वंसन’मधून एकोणिसाव्या शतकातच धर्मशास्त्राच्या पंडितांपुढे प्रश्नांची सरबत्ती ठेवली होती. बाबासाहेब एक पाऊल पुढे जातात. अडवणाऱ्याला समता ठाऊकच आहे, असे ते गृहीत धरतात. बंदी अज्ञानातून आलेली नाही, ती पुरावा पुढे येऊ नये यासाठी आहे.

पुरावा कशाचा, हे पाहायला मार्चच्या परिषदेनंतर माणसांनी तळ्यावर जाऊन भरलेली पाण्याची ओंजळ जवळून पाहू. स्पर्शाविषयी युरोपातल्या अनुभवमीमांसेने फार सुंदर विचार केला आहे. उजव्या हाताने डावा हात धरला तर कोणता हात स्पर्श करतो आणि कोणत्या हाताला स्पर्श होतो? हुसर्ल यांनी हा प्रश्न विचारला, मर्लो-पाँटी यांनी तो आयुष्यभर उकलला. पाहणाऱ्याला न दिसता पाहता येते. पण स्पर्श करणाऱ्याला स्वतः स्पर्शिले गेल्यावाचून स्पर्श करता येत नाही. सुंदर सरुक्काई यांनी २००९ साली अस्पृश्यतेच्या अनुभवमीमांसेवर लिहिताना हाच धागा उचलला, आणि पुढे गोपाळ गुरू यांच्याबरोबरच्या ‘द क्रॅक्ड मिरर’ या २०१२च्या पुस्तकात तो आला: स्पर्श नाकारणारा माणूस आपल्याच एका इंद्रियाला कुलूप घालतो, आणि आपल्यातले ते व्यंग दुसऱ्याच्या माथी मारतो. ओंजळीतल्या पाण्यात हे सारे एका क्षणी घडते. हात पाण्याला लागतो, पाणी हाताला लागते, आणि तेच पाणी तळ्याच्या चहूकडच्या काठांना, तिथे बुडणाऱ्या प्रत्येक घागरीला लागलेले असते. तळ्याचे पाणी अमुकाचे आणि तमुकाचे असे वेगळे काढता येत नाही. म्हणून तर गावाने नंतर शेणगोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून मंत्रोच्चारात तळे शुद्ध करून घेतले. या शुद्धीचे वर्णन वाचताना संताप येतो हे खरे, पण रसिकाच्या नजरेने पाहिले तर त्यात एक विलक्षण कबुली आहे. गुरांच्या तोंडाने जे तळे कधी बाटले नव्हते ते माणसाच्या ओंजळीने बाटले, म्हणजे ती ओंजळ गुराची नव्हती, माणसाची होती, हे त्या १०८ घागरींनी विधिपूर्वक मान्य केले.

झाक रान्सिएर यांचे एक आवडते म्हणणे आहे: समता हे दूरचे गंतव्य मानले की ती कायम दूरच राहते, तिला आरंभीचे गृहीत मानायचे आणि प्रत्येक कृतीने तिचा पडताळा घ्यायचा. प्राचीन रोममधल्या सामान्यजनांची कथा ते सांगतात. हे लोक नगर सोडून टेकडीवर जातात आणि आपणही बोलणारे, करार करणारे आहोत असे गृहीत धरूनच वागू लागतात. उमरावांना ज्यांच्या तोंडून आजवर केवळ आवाज ऐकू येत होता त्यांच्याशी बोलणी करावी लागतात. ही कथा सांगणारा रान्सिएर यांचा ग्रंथ १९९५चा. महाडचे भाषण त्याच्या अडुसष्ट वर्षे आधीचे, आणि त्यात ‘सिद्ध करण्यासाठी’ जाण्याची जी भाषा आहे ती भूमितीच्या सिद्धतेसारखी काटेकोर आहे. पक्ष मांडला, हेतू शोधला, खोटे हेतू एकेक करून गाळले, आणि उरलेल्याचा पडताळा पायांवर सोपवला.

मग भाषण एकाएकी फ्रान्सला जाते. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिलेल्या जागेवर मंडप उभा आहे, कारण गावात दुसरी जागा मिळाली नाही. समोर खोती मुलखातले शेतमजूर, निवृत्त सैनिक, बायाबापड्या. आणि वक्ता त्यांना १७८९ साली सोळाव्या लुईने व्हर्सायला बोलावलेल्या सभेची हकीकत सांगतो आहे. आजची आपली ही सभा त्या सभेच्या जातीची आहे, असे तो म्हणतो. या धाडसाची चव काही औरच आहे. आपल्या प्रसंगाला भारदस्तपणा यावा म्हणून केलेली ही उसनवारी वाटत नाही, कारण तुलनेला आतून तर्क आहे. व्हर्सायची सभा भरली होती रिकाम्या खजिन्याच्या निमित्ताने, आणि तिच्यातून निघाला माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा. महाडची सभा भरली होती एका तळ्याच्या निमित्ताने, आणि तिनेही हिंदुमात्राच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. निमित्त लहान, प्रतिज्ञा विशाल. बादियू यांच्या ‘असणे आणि घटना’ या १९८८च्या ग्रंथात ‘घटना’ म्हणजे परिस्थितीच्या हिशेबात ज्याची नोंदच नाही असे काही अवतरणे; ती घडली असे कोणीतरी जाहीर करावे लागते, तिला नाव द्यावे लागते, आणि तिचे फ्रान्समधले ठळक उदाहरण हीच राज्यक्रांती. बादियू ते नाव दोन शतकांनंतर ग्रंथालयात बसून देतात. बाबासाहेबांनी ते घटना घडत असतानाच मंडपात उभे राहून दिले.

पंगत कोणाच्या घरची, हा मघाचा प्रश्न इथे सुटतो असे मला वाटते. आंबेडकरांचे तत्त्वज्ञान म्हटले की आपण कोलंबिया विद्यापीठातल्या जॉन ड्युई या गुरूंकडे बोट दाखवतो. ते ऋण खरेच आहे, आणि बाबासाहेबांनी ते कधी लपवले नाही. पण महाडच्या या भाषणात अनुभवातून शिकत सावकाश सुधारत जाणाऱ्या लोकशाहीपेक्षा प्रतिज्ञेचा, छेदाचा स्वर मोठा आहे. युरोपने ‘सर्व माणसे’ असे लिहिले खरे. त्या ‘सर्व’मध्ये कोण बसते याची खरी परीक्षा मात्र युरोपबाहेर व्हायची होती. ती एकदा सेंट डोमिंग या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांनी घेतली, आणि एकदा कुलाबा जिल्ह्याच्या या तालुक्यात घेतली गेली. बादियूंच्या सिद्धान्तात महाड बसते का, असे अभ्यासक विचारतात. महाड समोर ठेवून बादियू वाचले तर त्यांच्या पानांना अधिक रस येतो, एवढे मी अनुभवाने सांगेन.

त्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. यावर इतके लिहिले गेले आहे की आपण इथे थांबायला नको. भाषणाने त्या दहनाची भूमी आधीच तयार केली होती. पाण्यापासून निघालेला विचार रोटीबंदीपाशी येतो, तिथून बेटीबंदीपाशी, आणि अस्पृश्यता गेली तरी चातुर्वर्ण्य राहिले तर केवळ बाहेरचे दार उघडले, आतली सारी बंद, असे सांगत माजघरापर्यंत जातो.

बादियूंच्या चौकटीतून महाड जिथे हळूच निसटते ती जागा मला सर्वांत मोहक वाटते. ती जागा कायद्याची. ‘घटना’ म्हटली की ती प्रस्थापित नियमांना फोडून येणारी असते, असे आपण गृहीत धरतो. २० मार्चला काय फुटले? सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला होता; सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी माणसे असलेल्या महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळेही खुले केले होते. परिषद आटोपताना अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची सूचना केली आणि माणसे निघाली, तेव्हा ती जे करायला निघाली होती ते तीन वर्षे कागदावर विधिमान्यच होते. क्रांती म्हणजे निषिद्धाचे आचरण, अशी आपली समजूत. इथे अनुमत असलेल्या गोष्टीचे पहिले आचरण हीच क्रांती ठरली. कागद आणि पायरी यांच्यामध्ये जे अंतर होते ते कोणत्याही नियमात लिहिलेले नव्हते, म्हणून ते कोणत्याही नियमाने पुसताही येत नव्हते. ते चालूनच जावे लागले. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होताना, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तारखांनाही कधी कधी उपरोध साधतो.

डिसेंबरमध्ये तर रसाचा परिपोष आणखी अनपेक्षित दिशेने होतो. परिषदेच्या आधी, १४ डिसेंबरला, स्पृश्यांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. मंडपात सत्याग्रहासाठी नावे नोंदवलेली हजारो माणसे, तुरुंगात जायची तयारी झालेली; कलेक्टर येऊन समजावतात; चर्चा होते, तरुणांची मने अस्वस्थ होतात, आणि अखेर सत्याग्रह तहकूब करण्याचे ठरते. मिरवणूक निघाली, तळ्याभोवती फिरली, आणि पाण्याला हात न लावता परतली. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग उतरत्या सुरात येतो. मला तो भाषणाचाच पुढचा परिच्छेद वाटतो. आधी तहान वजा झाली होती, आता पाणीही वजा झाले. तरीही माणसे तळ्याभोवती चालली, आणि ज्यासाठी आलो ते राहिले असे त्यांच्या नायकाला वाटले नाही, कारण ज्यासाठी आलो ते पाणी नव्हतेच, हे त्याने आरंभीच सांगून ठेवले होते.

बादियू सत्यावरच्या निष्ठेची गोष्ट करतात: घटना सरली तरी तिच्याशी इमान राखून एकेक पाऊल पुढे टाकत राहणे. त्यांच्या लेखनात या निष्ठेला कविता, गणित, प्रेम, राजकीय लढा अशी तेजस्वी रूपे येतात. कोर्टाची तारीख हे रूप त्यांना सुचलेले नाही. महाडच्या निष्ठेला वकीलपत्रांचा, साक्षींचा, नकाशांचा, अपिलांचा धूसर रंग आहे. खालच्या न्यायालयातून वरच्या न्यायालयात हा दावा जवळजवळ दहा वर्षे चालला, आणि प्रतिवादींत स्वतः बॅरिस्टर आंबेडकर होते. या कंटाळवाण्या दहा वर्षांना तत्त्वज्ञानात जागा कोण देणार? मला वाटते, तहान वजा करू शकणारा माणूसच असा धीर दाखवू शकतो. गरजेला घाई असते, समतेच्या सिद्धतेला नसते.

वादींचा आधार होता वहिवाटीचा. स्पृश्यांनीच या तळ्याचा उपयोग करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे. अनादी म्हणजे जिचा आरंभ दाखवता येत नाही ती, आणि कोर्टात मात्र सारे दाखवावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अपील फेटाळले, ते या एका मुद्द्यावर: अशी अनादी रूढी वादींना शाबीत करता आली नाही. माणसे जन्मतः समान आहेत की नाहीत, या प्रश्नावर निकालाचा डोलारा उभा नव्हता. तो प्रश्न भाषणाच्या वाट्याचा होता आणि भाषणापाशीच राहिला. तळे मात्र त्या दिवसापासून कायद्यानेही सर्वांना मोकळे झाले.